ब्रेकरची घाई, मीटरची सवड : उपकेंद्रापासून डीपीपर्यंत संदेशजाळं कसं उभारायचं

नवं काम हातात आलं की मी आधी वही काढते, मोडेम नंतर. वहीत तीन रकाने असतात. निरोप कोणता, त्याची वाट कोण बघतंय, आणि तो किती वेळ थांबू शकतो. सांगली-सातारा भागातल्या वीज उपकेंद्रांत आणि डीपींवर, म्हणजे गावातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरवर, सतरा वर्षं तारा, फायबर आणि अँटेना जोडत फिरते आहे. बिघडलेली कामं बघितली, तर बहुतेक ठिकाणी हा तिसरा रकाना कुणी भरलेलाच नसतो. कुणीतरी कॅटलॉग बघून 'फोर-जी मोडेम' लिहितो आणि तेच सगळीकडे लागतं.

माझ्याकडे नवी मुलं-मुली शिकायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथं लिहिते आहे.

आधी तिसरा रकाना भरा

सगळ्यांत घाईचा निरोप रिलेचा, म्हणजे दोष ओळखून ब्रेकरला लाईन तोडायला (ट्रिप व्हायला) लावणाऱ्या यंत्राचा. एका रिलेला दोष दिसला आणि त्याला शेजारच्या रिलेला 'तू थांब' किंवा 'तू ट्रिप हो' असं सांगायचं असेल, तर हातात तीन-चार मिलिसेकंद असतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्यात निरोप पोचला पाहिजे. आयईसी ६१८५० या उपकेंद्रांच्या संदेश-मानकातला गूज संदेश याचसाठी आहे. तो पोच मागत बसत नाही, तोच निरोप पुन्हापुन्हा ओरडत राहतो. इथं मोबाइल नेटवर्कचं नावही काढू नका.

दुसरा निरोप स्काडाचा, म्हणजे कंट्रोल रूममधून दुरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेचा. ब्रेकर उघडला, तेलाचं तापमान वाढलं, बसचं (उपकेंद्रातल्या मुख्य वाहकपट्टीचं) व्होल्टेज पडलं, असले. कंट्रोल रूममधला माणूस एक-दोन सेकंद थांबू शकतो. गावाबाहेरच्या आरएमयूचा, म्हणजे रस्त्याकडेच्या स्विचपेटीचा, निरोप पाच-दहा सेकंदांनी आला तरी कुणाचं अडत नाही.

तिसरा मीटरचा. पंधरा मिनिटांचा एक, असे दिवसाचे ९६ ब्लॉक. ते रात्री दोनला गोळा झाले तरी चालतात. माझा ढोबळ हिशेब सांगते. एका ब्लॉकमध्ये आठ आकडे, प्रत्येकी पाच बाइट धरले तर ४० बाइट, दिवसाचे चार किलोबाइटही भरत नाहीत. कुलूपबंदी (एन्क्रिप्शन) आणि वेष्टन धरून दहा म्हणा. व्हॉट्सॲपवरच्या 'शुभ सकाळ'च्या एका फोटोत अशा कितीतरी मीटरांचा दिवस मावतो. उलट डिजिटल उपकेंद्रात सीटी-पीटीचे, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांचे, नमुने पाठवणारं एकच मर्जिंग युनिट सेकंदाला ४००० पाकिटं सोडतं, साधारण पाच मेगाबिट, अखंड. दोघांना एकच 'कम्युनिकेशन' म्हणायचं आणि एकच उपाय लावायचा, हे बैलगाडीला आणि रुग्णवाहिकेला एकाच रांगेत उभं करण्यासारखं आहे.

पण मीटरच्या निरोपांत एक अधीर पोर लपलेलं असतं, ते वहीत वेगळं लिहा. प्रीपेड ग्राहकाने रिचार्ज केला आणि तो अंधारात उभा आहे, त्याला जोडणी परत द्यायची आहे. रीडिंग सहा तास उशिरा आलं तर कुणी फोन करत नाही. हा निरोप दहा मिनिटं उशिरा पोचला तर सेक्शन ऑफिसच्या दारात माणसं येतात. मीटरच्या जाळ्याची परीक्षा रीडिंगवर न घेता या एका निरोपावर घ्या.

उपकेंद्राच्या आत आणि दोन उपकेंद्रांच्या मधे

इथं फायबर. यावर चर्चा नको. कंट्रोल रूममधून यार्डात तांब्याची इथरनेट केबल टाकायची नाही, अंतर वीस मीटर असलं तरी नाही. दोष झाला की यार्डातल्या जमिनीचं व्होल्टेज वर उडतं आणि ती केबल ते थेट तुमच्या स्विचच्या तोंडात आणून देते. मी असा जळालेला स्विच उघडून बघितला आहे. आत काजळीशिवाय काही नव्हतं.

दोन उपकेंद्रांच्या मधे मनोऱ्यांच्या शेंड्यावरच्या भूतारेतच फायबर असतं, त्याला ओपीजीडब्ल्यू म्हणतात. एसएफपी, म्हणजे स्विचमध्ये बसणारं, फायबरवर उजेड सोडणारं आणि ऐकणारं छोटं मोड्यूल, मागवण्याआधी कागदावर बेरीज करा. समजा अंतर २२ किलोमीटर आहे. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डेसिबल, म्हणजे ७.७. चार-चार किलोमीटरचे ड्रम धरले तर वाटेत पाच सांधे, दोन्ही टोकांच्या गँट्रीवरचे दोन, असे सात. प्रत्येकी ०.१ धरून ०.७. चार कनेक्टर, अर्ध्या डेसिबलने २. झाले १०.४. वयोमानासाठी आणि पुढच्या तुटफुटीसाठी ३ राखा, म्हणजे १३.४. तुमचा एसएफपी कमीत कमी उणे ५ डीबीएमला (सिग्नलच्या ताकदीचं एकक) बोलत असेल आणि उणे २३ पर्यंत ऐकत असेल, तर हातात १८ आहेत. काम होतं.

याची उलटी चूकही होते. 'जास्त ताकदीचा घेऊ, बरा' म्हणून ८० किलोमीटरचा एसएफपी दोन किलोमीटरवर लावतात. समोरच्याच्या कानात ओरडलं की त्याला काहीच कळत नाही, तसं होतं. मधे अटेन्युएटर टाका किंवा सरळ कमी पल्ल्याचा घ्या.

आणि कनेक्टर पुसा. दर वेळी, अगदी नवा असला तरी. पॉवर मीटरवर तीन-चार डेसिबल हरवलेले दिसले की ओटीडीआर (फायबर कुठं बिघडलं ते शोधणारं यंत्र) आणायला गाडी पाठवू नका, आधी पुसणी काढा. फायबरच्या टोकात डोळा घालून 'लाइट येतोय का' बघणारे महाभाग अजूनही भेटतात. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना लागतो.

लाईन डिफरेन्शियल रिले, म्हणजे लाईनच्या दोन्ही टोकांचा करंट ताडून बघणारा, असेल तर आणखी एक पथ्य आहे. जायची वाट आणि यायची वाट सारखीच हवी. रिले फेरीचा वेळ मोजून त्याचा अर्धा धरतो. जाताना थेट आणि येताना तिसऱ्या गावाहून वळसा, अशा दोन वाटांत एक मिलिसेकंदाचा फरक पडला, तर रिलेच्या हिशेबात अर्ध्या मिलिसेकंदाची म्हणजे ९ अंशांची चूक शिरते. निरोगी लाईन त्याला आजारी दिसायला लागते. मधे दूरसंचाराचं रिंग असेल तर त्या लोकांना स्पष्ट सांगा की हे चॅनल आपोआप वळवायचं नाही, वळवायचंच तर दोन्ही दिशा एकदम वळवा.

जुन्या उपकेंद्रांत लाईनवर लटकलेला पिंपासारखा वेव्ह ट्रॅप दिसेल. तो पीएलसीसीचा. उच्चदाब तारेवरूनच आवाज आणि ट्रिप पाठवायची ही पद्धत आपल्याकडे कित्येक वर्षं चालली. फायबर आलं म्हणून भंगारात टाकायची घाई करू नका. फायबर तुटल्यावर तोच कामाला येतो.

पॅनेलमधली दोन तारांची भानगड

माझा निम्मा जन्म आरएस-४८५ मध्ये गेला असेल. फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनचे) मीटर आरटीयूला, म्हणजे माहिती स्काडाकडे पाठवणाऱ्या पेटीला, जोडणाऱ्या या दोनच तारा, म्हणून सगळ्यांना वाटतं की हे काम हेल्परचं. मग 'मीटर मधेच गायब होतो' म्हणून मला बोलावतात.

तार एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेत न्यायची. टर्मिनल ब्लॉकवर सगळ्यांच्या शेपट्या एकत्र बांधून तारा फाकवायच्या नाहीत. माळेच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, फक्त दोनच. शिल्ड एकाच बाजूला अर्थ करायची. एकूण लांबी १२०० मीटरच्या आत ठेवायची, पण पॅनेलच्या खोलीत तो प्रश्न सहसा येत नाही.

तपासायची सोपी युक्ती सांगते. सगळं बंद करा आणि त्या दोन तारांच्या, म्हणजे ए आणि बी यांच्या, मधे मल्टीमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आलं तर दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आलं तर एकच आहे, किंवा माळ मधे तुटली आहे. ४० आलं तर कुणीतरी शहाणपणाने तिसरा लावला आहे, शोधा. हजारो आले तर एकही नाही. या एका मापाने माझे किती फेरे वाचले ते मोजले नाहीत.

ए आणि बी ही नावं मात्र विश्वासाची नाहीत. एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी. मीटर अजिबात बोलत नसेल तर दोन तारा उलटवून बघा, काही जळत नाही. सगळे मीटर कारखान्यातून बहुधा १ हाच पत्ता घेऊन येतात. भिंतीवर चढवण्याआधी टेबलावर एकेकाला वेगळा पत्ता द्या आणि कपाळावर चिकटपट्टीने लिहा. एकदा नऊ मीटर चढवून झाल्यावर नऊच्या नऊ 'मीच एक नंबर' म्हणत होते. संध्याकाळचे सात वाजले होते आणि शिडी दुसऱ्या साइटला गेली होती.

डीपी आणि घरचं मीटर

इथं तीन वाटा आहेत, आणि प्रत्येक विक्रेता आपलीच एकमेव असल्यासारखा बोलतो.

पहिली वाट रेडिओ मेशची. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो. मीटर शेजाऱ्याला निरोप देतो, शेजारी पुढच्याला, असं करत डीपीवरच्या कॉन्सन्ट्रेटरपर्यंत, म्हणजे सगळ्यांचे निरोप गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत. गावठाणात, जिथं घराला घर लागून आहे, तिथं हे झकास चालतं. नियम एकच, प्रत्येक मीटरला निदान तीन शेजारी ऐकू आले पाहिजेत. एकाच शेजाऱ्याच्या भरवशावर राहिलेला मीटर, तो शेजारी पत्रे घालून ओटा बंद करतो त्या दिवशी मुका होतो.

वाळव्याकडच्या मळ्यांत मी याच मेशला हात टेकले. फेब्रुवारीत चाचणी घेतली, ऊस नुकताच तुटलेला, शिवार मोकळं. सगळे मीटर हजर. ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेला, वर पाऊस, पानं ओली, आणि एकेक वस्ती यादीतून गळायला लागली. तिथले वायरमन मामा म्हणाले, "मॅडम, उसात माणूस हरवतो, तुमचा सिग्नल कुठं टिकणार?" तेव्हापासून ऊसपट्ट्यातली रेडिओची चाचणी मी श्रावणाच्या आसपासच घेते. बिनपावसाचं सर्वेक्षण कुणी टेबलावर ठेवलं तर परत करते.

दुसरी वाट मोबाइलची, फोर-जी किंवा एनबी-आयओटी (छोट्या निरोपांसाठीचं मोबाइल जाळं). विखुरलेल्या वस्त्या, एकटी डीपी, मळ्यातला पंप, इथं हीच. सिग्नलची ताकद आरएसआरपी या आकड्याने, डीबीएममध्ये, मोजतात. उणे ९५ पेक्षा बरी असेल तर निवांत बसा, उणे ११० च्या खाली गेली तर दुसरी कंपनी शोधा. पण मोजायचं कसं ते महत्त्वाचं. मोबाइल हातात धरून रस्त्यावर मोजू नका. मीटरच्या पत्र्याच्या पेटीत मोडेम ठेवा, झाकण लावा, मग वाचा. सकाळी एकदा आणि रात्री आठला एकदा, सगळं गाव फोनवर असताना. दोन कंपन्यांची सिम घेऊन जा. पुण्यासारख्या शहरात मीटर रूम तळघरात असते, तिथं पहिल्याच मोजणीत सगळं कळतं. अँटेना लांब केबलने वर काढावी लागते, आणि ती केबलही थोडा सिग्नल खाते.

आणि एक प्रश्न नकाशावर सुटत नाही, तो चहाच्या टपरीवर विचारा. हा टॉवर कुठल्या फीडरवर आहे? बरेचदा टॉवर आणि तुमचा मीटर एकाच फीडरवर असतात. वीज गेली की टॉवर त्याच्या बॅटरीवर जाईल, बॅटरी संपली की गप्प. म्हणजे ज्या वेळी तुम्हाला बातमी हवी त्याच वेळी बातमीदार झोपलेला. मोठ्या खंडित पुरवठ्यानंतर कंट्रोल रूमला 'सगळे मोडेम गेले' असं दिसतं, त्यात मोडेमचा काही दोष नसतो.

याच जोडीला 'लास्ट गॅस्प'चं बघा. वीज जाताना मीटर कपॅसिटरमधल्या उरलेल्या दमावर 'गेली' एवढा निरोप पाठवतो. एका फीडरवरचे दोन हजार मीटर एकाच सेकंदाला ओरडले तर कुणाचंच ऐकू येत नाही. मी डीपीच्या मीटरला हे काम देते आणि घरच्या मीटरांत ते मागेपुढे, थोड्या विलंबाने सोडते.

तिसरी वाट विजेच्याच तारेवरून, पीएलसी. इटलीत एनेल कंपनीने २००१ पासून पुढची काही वर्षं तीन कोटींच्या आसपास मीटर याच पद्धतीने बसवले, आणि ते चालले. तिथली लघुदाब केबल, तिथले सांधे, तिथलं न्यूट्रल वेगळं. आपल्याकडे ढिले जम्पर, वीजचोरीचे आकडे, स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर यांचा कलकलाट तारेवर असतो. शिवाय हा सिग्नल डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपलीकडे धडपणे जात नाही, म्हणून प्रत्येक डीपीवर कॉन्सन्ट्रेटर आलाच. नव्या सोसायटीत, भूमिगत केबल असेल तर विचार करा. बाकी ठिकाणी मी तरी नादी लागत नाही.

डोंगरातलं एकटं उपकेंद्र, ना फायबर ना टॉवर, तर उपग्रह. तो ३६ हजार किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागतोच. स्काडाला चालतं.

सिम, वेळ आणि कुलपं

सिम खासगी एपीएनचं, म्हणजे मोबाइल कंपनीने वेगळ्या राखलेल्या वाटेचं, घ्या, ज्याचा पत्ता इंटरनेटवरून कुणाला सापडणार नाही. आयईसी १०४ (आरटीयू आणि कंट्रोल रूम यांची बोलायची पद्धत) मोबाइलवरून चालवायचं असेल तर टायमर हलवा. मूळ आकडे, टी१ (पोच यायची वाट) १५ सेकंद, टी२ (पोच द्यायची मुदत) १०, टी३ (शांतता असली की चाचणी) २०, हे चांगल्या लाईनसाठी आहेत. हलत्या नेटवर्कवर मी टी१ ३० आणि टी३ ६० ठेवते. दोन्ही टोकांना सारखेच, आणि टी२ नेहमी टी१ पेक्षा लहान. नाहीतर दर थोड्या वेळाने जोडणी तुटते, जुळते, तुटते, आणि ऑपरेटर अलार्मचा आवाज बंद करून ठेवतो. तो एकदा बंद झाला की पुढचं सगळं व्यर्थ.

अँटेनाच्या सांध्यावर रबरी टेप गुंडाळा आणि केबल पेटीत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. पेटीची भोकं बुजवा. पाल आत शिरून टर्मिनलवर मरते आणि तुमचा 'नेटवर्क फॉल्ट' होतो. सांगलीचा २०१९ चा महापूर पाहिल्यापासून मी पेटीची उंची ठरवताना भिंतीवरची पाण्याची जुनी रेघ विचारते.

मोडेम आणि आरटीयू उपकेंद्राच्या डीसी बॅटरीवरच चालवा. भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खोचलेला दिसला तर काढा. बस मेली की तोही मरतो.

वेळेचं सांगते. सगळ्या रिलेंचं घड्याळ जीपीएसवरून एकच ठेवा आणि ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की आपलं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एका ट्रिपिंगच्या चौकशीत दोन रिलेंच्या नोंदीत बरोबर साडेपाच तासांचा फरक निघाला. तासभर सगळे 'दोन वेगळ्या घटना' म्हणून डोकं खाजवत होते. फेजर, म्हणजे व्होल्टेज-करंटचा आकार आणि कोन, मोजणाऱ्या पीएमयूला तर मायक्रोसेकंदाचा हिशेब लागतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंश, एका मिलिसेकंदाची म्हणजे १८ अंश, मग त्या मापाला अर्थच नाही.

कुलपांच्या, म्हणजे सायबर सुरक्षेच्या, बाबतीत युक्रेनचं उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. २३ डिसेंबर २०१५ ला तिथल्या तीन वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून बाहेरच्यांनी ब्रेकर उघडले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. मला त्यातली एक बारीक गोष्ट लागते. जाता जाता त्यांनी सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर खराब केलं, म्हणजे आपण ज्याला 'डबी' म्हणतो ती. मग माणसांनी गाडीतून उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर लावले. म्हणून त्या डबीचा मूळ पासवर्ड बदला, तिचं वेब पान बंद करा, प्रत्येक मीटरला वेगळी किल्ली द्या. आणि ब्रेकर हाताने लावता येणारा माणूस गावात आहे ना, ते विचारून ठेवा.

ताब्यात देण्याआधी

एक माणूस ब्रेकरपाशी, एक स्क्रीनपाशी, दोघांच्या कानाला फोन. प्रत्येक पॉइंट खऱ्याने हलवायचा. आरटीयूच्या टर्मिनलवर तार टेकवून 'दिसलं, पुढचं' असं करायचं नाही.

मग मुद्दाम तोडा. एका उपकेंद्रात हे माझ्याकडून राहिलं होतं. पावसात जोडणी अर्धवट मेली. स्क्रीनवर ब्रेकर 'बंद' दिसत होता, म्हणजे लागलेला. तिथला ऑपरेटर बाहेर छत्री धरून उभा, फोनवर सांगत होता, "अहो उघडलाय, माझ्या डोळ्यांसमोर आहे." स्क्रीन शेवटचं खरं घट्ट धरून बसली होती. तो आकडा शिळा आहे हे दाखवायची खूण कुणी रंगात उतरवलीच नव्हती. अकरा मिनिटं आम्ही माणसावर विश्वास ठेवावा की स्क्रीनवर, यात घालवली. माणसावर ठेवला, नशीब.

आता मी फायबर उपसते, सिम काढते, आरटीयूची डीसी पाडते, आणि दर वेळी स्क्रीनवरचे आकडे रंग बदलतात का ते बघते. बदलले नाहीत तर सही करत नाही. कंत्राटदार 'मॅडम, बिल अडलंय' म्हणतो. अडू दे.

शेवटी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवते. त्यावर मीटरांचे पत्ते माळेच्या क्रमाने, दोन रेझिस्टर कुठे आहेत, सिमचे शेवटचे चार आकडे, झाकण लावून मोजलेला सिग्नल आणि मोजल्याची तारीख, टॉवर कुठल्या फीडरवर ते, आणि घड्याळ यूटीसी की भारतीय. पासवर्ड त्यावर लिहायचा नाही. तो सेक्शन ऑफिसातल्या कपाटात, बंद पाकिटात.